आधी ब्रेकचे गणित, मग इंजिनाचे

आमच्या महाविद्यालयातून बाहेर पडलेला एक विद्यार्थी गेल्या वर्षी भेटायला आला होता. आपल्या टर्बो मोटारीची शक्ती त्याने वाढवून घेतली होती. हौशी चालकांसाठी राखलेल्या दिवशी चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टई येथील शर्यतमार्गावर त्याने ती पळवली. चौथ्या फेरीत ब्रेकचे पेडल पार तळाला गेले. वळणाबाहेर मोकळी जागा होती, म्हणून तो बचावला. “पण सर, इंजिन झकास चालले होते!” असे तो म्हणाला. चूक नेमकी येथेच आहे.

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंबरोबर बरीच ऊर्जा वाया जाते. त्या वायूंच्या जोरावर एक चक्र फिरवायचे आणि त्यायोगे इंजिनात जादा हवा कोंबायची, ही टर्बोची युक्ती. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी तिचे पेटंट १९०५ साली घेतले. जादा हवेत जादा इंधन जळते आणि शक्ती वाढते. हवेचा दाब किती चढू द्यायचा हे आजच्या मोटारीत संगणक ठरवतो. त्याची आज्ञावली बदलली की काम झाले! ब्रेकना मात्र कोणी हात लावत नाही.

आता वही-पेन्सिल घ्या. मोटारीचे वस्तुमान १,००० किलोग्रॅम धरा. ताशी १०० किलोमीटर वेगाला तिची गतिज ऊर्जा सुमारे ३८६ किलोज्यूल भरते. १४० ला सुमारे ७५६. वेग दीडपटही झाला नाही, पण ऊर्जा जवळजवळ दुप्पट झाली, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. मोटार थांबवताना यातील बहुतेक ऊर्जेची ब्रेकमध्ये उष्णता होते. एवढ्या उष्णतेने अडीच लिटर पाणी ३० अंशांपासून उकळीला येईल. शर्यतमार्गावर तर वळणावळणाला ब्रेक दाबावा लागतो. निवायला उसंत मिळत नाही. अखेर ब्रेकमधील द्रव उकळतो आणि त्यात वाफेचे बुडबुडे होतात. पास्कलचा नियम तुम्ही शिकला आहात. द्रव दाब पोहोचवतो; बुडबुडे मात्र नुसतेच चेपले जातात. पाय खाली जातो, मोटार थांबत नाही.

ही हौस म्हणजे निव्वळ उधळपट्टी, असे माझे काही सहकारी म्हणतात. मला ते पटत नाही. शर्यतमार्ग ही पदार्थविज्ञानाची उत्तम प्रयोगशाळा आहे. पण प्रयोगात क्रम पाळावा लागतो: प्रथम ब्रेक आणि टायर, मग इंजिन थंड राखण्याची सोय, आणि शेवटी दाब. आणि प्रयोग प्रयोगशाळेतच व्हावा. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हा कायद्याने गुन्हा आहे. कायदा नसता तरी तो अपराधच ठरला असता. तेथे वळणाबाहेर मोकळी जागा नसते. तेथे शाळेतून घरी निघालेली मुले असतात.

त्या विद्यार्थ्याला मी हेच गणित करायला लावले. उत्तर पाहून तो बराच वेळ गप्प बसला. मोठेपणी मोटार हाती येईल तेव्हा तुम्हीही ते करा. मात्र शर्यतीच्या आदल्या दिवशी.