पान त्यांचे, हशा आपला

‘कार्ड्‌स अगेन्स्ट ह्युमॅनिटी’ हा अमेरिकी पत्त्यांचा खेळ स्वतःची ओळख भयंकर माणसांचा खेळ अशी करून देतो. शिकागोजवळच्या हायलंड पार्कमध्ये एकाच शाळेत शिकलेल्या आठ मित्रांनी तो नववर्षाच्या पार्टीसाठी रचला. 2010च्या डिसेंबरात त्यांनी ‘किकस्टार्टर’ या वर्गणीच्या संकेतस्थळावर लोकांकडे 4,000 डॉलर मागितले, मिळाले 15,000हून अधिक. 2011मध्ये खेळ बाजारात आला आणि प्रौढांच्या पार्टी-गेमचा एक वेगळा प्रकारच रूढ झाला.

खेळायला डोके फारसे लागत नाही. काळ्या पानावर गाळलेली जागा असलेले वाक्य किंवा प्रश्न असतो, पांढऱ्या पानावर ती जागा भरणारा शब्द किंवा शब्दसमूह. प्रत्येकाच्या हातात दहा पांढरी पाने. दर फेरीत एकजण ‘झार’ होतो आणि काळे पान वाचतो. बाकीचे आपापले पान उपडे टाकतात, झार ती पिसतो, एकेक वाचून दाखवतो आणि ज्या पानाचे त्याला हसू आले ते टाकणाऱ्याला गुण देतो. कल्पना अगदी नवी नव्हती. 1999च्या ‘ॲपल्स टू ॲपल्स’ या कौटुंबिक खेळाचा सांगाडा हाच होता. या आठजणांनी त्यात लैंगिकता, मृत्यू, धर्म, वंश आणि राजकारण भरले.

समजा, मराठीत असा डाव मांडला. काळे पान: ‘लग्नघरात सगळे एकदम गप्प झाले, कारण ____.’ हातात ‘सासरेबुवांचा योगाभ्यास’, ‘तलाठ्याचा शिक्का’ आणि ‘हिंगाची रिकामी डबी’. कोणते पान टाकाल? उत्तर पानात नाही, झार कोण आहे त्यात आहे. नुकतेच लग्न झालेला मावसभाऊ असेल तर सासरेबुवा. सातबाऱ्यासाठी हेलपाटे घालून आलेला काका असेल तर शिक्का. चांगला खेळाडू विनोद शोधत नाही, समोरचा माणूस ओळखतो. म्हणूनच जुन्या मित्रांत हा खेळ रंगतो आणि अनोळखी लोकांत अर्ध्या तासात फिका पडतो.

पण त्याची खरी करामत दुसरीकडे आहे. जे वाक्य आपण चारचौघांत कधीच उच्चारणार नाही, ते इथे कुणी उच्चारतच नाही. अर्धे वाक्य कंपनीने छापलेले, उरलेले अर्धेही तिनेच छापलेले. टाकणाऱ्याने फक्त जोड जमवली आणि वाचले झारने. त्यात पाने उपडी, म्हणजे कर्ताही लपलेला. शिमग्याला बोंब मारायची मुभा सणाने दिलेली असते, इथे ती नियमपत्रिका देते. खेळाच्या पर्यायी नियमांत ‘रँडो कार्ड्रिसियन’ नावाचा एक काल्पनिक खेळाडू आहे. दर फेरीत गठ्ठ्यातून न बघता एक पान काढून त्याच्या नावे टाकायचे. तोच जिंकला तर सगळ्यांनी कायमची मान खाली घालून घरी जायचे, असे नियमच सांगतात. आपल्या हजरजबाबीपणात आपला वाटा किती, याची इतकी रोखठोक परीक्षा क्वचितच कुठे होत असेल.

मग जबाबदारी उरते छापणाऱ्यावर, आणि तिथे हिशेब सरळ नाही. ट्रान्सजेंडर व्यक्तींची खिल्ली उडवणाऱ्या एका पानाबद्दल सहनिर्मात्यांपैकी एकाने 2014मध्ये जाहीर दिलगिरी व्यक्त केली. अशी काही पाने खेळातून काढूनही टाकण्यात आली. 2020मध्ये माजी कर्मचाऱ्यांनी कार्यालयातल्या वंशभेदाच्या आणि स्त्रियांना कमी लेखण्याच्या तक्रारी उघड मांडल्या, तेव्हा एका सहसंस्थापकाला बाजूला व्हावे लागले. बलवानाची टर उडवणे आणि आधीच दबलेल्याला आणखी दाबणे यांतला फरक खेळ विकणाऱ्यांना ठाऊक नव्हता असे नाही. तो पानापानाला पाळण्याचे कष्ट त्यांनी उशिरा घेतले, असे आमचे मत आहे.

बलवानाची टर ही मंडळी उत्तम उडवतात, हेही खरे. ‘ब्लॅक फ्रायडे’ या अमेरिकी खरेदीदिनी जग सवलती देते, तेव्हा 2013मध्ये यांनी खेळाची किंमत 5 डॉलरने वाढवली. पुढच्या वर्षी 6 डॉलरला खोक्यात बैलाचे शेण विकले. लोकांनी अशी 30,000 खोकी घेतली आणि उघडल्यावर आत खरोखरच शेण निघाले. 2017मध्ये वर्गणी काढून त्यांनी मेक्सिकोच्या सीमेलगत टेक्सासमध्ये जमिनीचा तुकडा घेतला, ट्रम्प यांच्या नियोजित सीमाभिंतीला अडथळा म्हणून. त्याच तुकड्यावर अतिक्रमण केल्याबद्दल 2024मध्ये त्यांनी ‘स्पेसएक्स’ या अंतराळ कंपनीवर दीड कोटी डॉलरचा दावा लावला. चेष्टेत घेतलेली जमीन अशी कोर्टात उभी राहिली.

आता आपल्यापुरते. मूळ पाने बहुतांशी अमेरिकी नटनट्या, खाद्यपदार्थ आणि पुढारी यांवर बेतलेली आहेत. ती मराठी बैठकीत वाचली की निम्मी समजावून सांगावी लागतात, आणि समजावलेल्या विनोदाला कोण हसणार? पण निर्मात्यांनी हा खेळ क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला ठेवला आहे. तो उतरवून घ्या, बदला, वाटा. श्रेय द्या, आपली आवृत्तीही त्याच अटींवर खुली ठेवा आणि विकू नका, एवढ्याच मुख्य अटी. तेव्हा हौस असेल त्यांनी कोऱ्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापाव्यात आणि स्वतःची पाने स्वतः लिहावीत. लिहिताना ज्याच्यावर पान आहे तो माणूस त्याच सतरंजीवर बसला असेल असे धरून चालावे. तरीही हसू आले तर पान गठ्ठ्यात ठेवावे.