पाच मिनिटांची पाटी

मध्यमवर्गीय माणसाच्या वाट्याला आयुष्यात तीन पाट्या येतात. शाळेत हातात मिळते ती पहिली, स्वतःच्या दारावर नावाची लागते ती शेवटची, आणि मधली तीस-चाळीस वर्षं मान वर करकरून वाचण्यात जातात ती तिसरी : 'स्टेशनपासून फक्त पाच मिनिटे!'

माझं भांडण या तिसऱ्या पाटीचं माप घेणाऱ्यांशी आहे.

आपल्याकडे पाट्यांना नियम नाहीत, असं कुणी म्हणू नये. भिंतीवर-खांबावर परवानगीवाचून काही चिकटवणं १९९५ पासून गुन्हा आहे. २०२२ साली दहापेक्षा कमी नोकर असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली. मराठी अक्षर दुसऱ्या लिपीतल्या अक्षरापेक्षा लहान चालत नाही. उत्तम नियम! इस्टेट एजंटाला नव्या प्रकल्पातली घरं विकायची तर महारेराकडे नोंदणी हवी, त्याची फी एकट्या माणसाला १०,००० रुपये. शिवाय आता प्रशिक्षण आणि परीक्षा. १ ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीवर क्यूआर कोड हवा, नाहीतर ५०,००० रुपयांपर्यंत दंड.

हे सगळं आमच्या कोपऱ्यावरच्या एजंटसाहेबांनी निमूटपणे केलं. सहा बाय आठचं दुकान, दोन खुर्च्या, एक गणपती आणि किल्ल्यांचा जुडगा. पाटी नव्याने रंगवली. साठी उलटल्यावर लोक पोथी उघडतात, यांनी कायदा उघडला आणि पास झाले! परीक्षा हवीच म्हणा. ज्याच्या शब्दावर लोक प्रॉव्हिडंट फंड मोकळा करतात, त्याला चार कलमं यायलाच हवीत. पण त्यांच्या दारातल्या फळ्यावर खडूने काय लिहिलेलं असतं माहीत आहे? 'वन रूम किचन. तिसरा मजला. लिफ्ट नाही. पाणी सकाळीच.' 'लिफ्ट नाही' असं आपणहून लिहिणारा दुसरा जाहिरातदार मी तरी पाहिलेला नाही.

पट्टी घेऊन हिंडणाऱ्याला मात्र हीच पाटी सापडते, कारण ती हाताच्या अंतरावर असते. वरची मोजायची तर शिडी लागते. १३ मे २०२४ ला घाटकोपरला पेट्रोलपंपावर एक अवाढव्य फलक कोसळला आणि सतरा माणसं गेली. मुंबईत मर्यादा ४० बाय ४० फुटांची. तो १२० बाय १२० फुटांच्या घरात होता. त्यावर जाहिरात घरांची होती की साबणाची, हा प्रश्नच नाही. एवढा फलक दिसला नाही आणि दुकानाच्या पाटीवरचं अक्षर तेवढं दिसतं, ही नजर कोणत्या डॉक्टरला दाखवावी?

बरं, फलक मापात असला तरी त्यावरचा शब्द कोण मोजतो? रेराने एक फार मोठं काम केलं : घर कार्पेट एरियावर विकायला लावलं. त्याआधी जिना, लॉबी आणि लिफ्टचा खड्डासुद्धा आपल्या फ्लॅटमध्ये राहायला असे! घराच्या आतला चौरस फूट असा प्रामाणिक झाला. बाहेरचं मिनिट मात्र अजून सुपर बिल्टअपच आहे. पाच मिनिटं कुणाची? हेलिकॉप्टरची?

हिशेब करा. पाचाची प्रत्यक्षात पंचवीस निघाली, तर जाता-येता रोजची चाळीस मिनिटं जादा. वर्षाचे तीनशे दिवस धरले तर दोनशे तास. कर्ज वीस वर्षांचं, म्हणजे चार हजार तास. रात्रंदिवस चाललं तरी साडेपाच महिने! या चालण्याचे हप्ते बँकेच्या कागदात नसतात. ते गुडघे भरतात, तेही पावसात, हातात भाजीची पिशवी धरून.

म्हणून माझ्या मागण्या दोनच. अंतर रस्त्याने मोजून मीटरमध्ये लिहा. आणि 'चित्र काल्पनिक आहे' ही ओळ, वरच्या तरणतलावाच्या नावाएवढ्याच अक्षरात छापा. एक अक्षर दुसऱ्यापेक्षा लहान नको, हे सरकारला मोजता येतं. मराठीसाठी येतं तर खरेपणासाठी का येऊ नये?

तोवर, वाचकहो, नोंदणी क्रमांक पाहा, क्यूआर कोड तपासा आणि मग स्टेशनवरून त्या घरापर्यंत एकदा पायी जा. घड्याळ मात्र आपलं न्या.