ठाऊक असलेला चाकर



लूककृत शुभवर्तमानाच्या १२व्या अध्यायातला चाकरांचा दाखला आपण कितीदा ऐकला आहे! धन्याची इच्छा न कळलेल्याला थोडे फटके, कळूनही स्वस्थ बसलेल्याला पुष्कळ. तो ऐकताना आपण स्वतःला नेहमी पहिल्या चाकरात मोजतो. घरात बायबल, दर रविवारी मिस्सा, उपवासकाळात प्रवचने. एवढे असताना 'आम्हांला ठाऊक नव्हते' असे म्हणायची सोय आपल्याला उरली आहे का?

२५ फेब्रुवारी १९९५ रोजी देवास जिल्ह्यातल्या उदयनगरहून इंदूरला निघालेल्या बसमध्ये सिस्टर राणी मारिया यांच्यावर सुरीने पन्नासहून अधिक वार झाले. अपराध एवढाच की, त्या आदिवासी शेतकऱ्यांना सावकाराच्या दारातून उठवून बँकेच्या दारात नेत होत्या. बसमध्ये इतर प्रवासी होते. कोणी आडवे आले नाही.

त्या प्रवाशांना नावे ठेवणे सोपे आहे. पण त्यांच्यासमोर सुरी होती. आपल्यासमोर काय आहे?

४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरला त्यांना धन्य घोषित केले गेले. आपण त्यांचे चित्र भिंतीवर लावले, हार घातला, आणि 'त्या रक्तसाक्षी, आपण साधी माणसे' म्हणून मोकळे झालो. ही पळवाट आहे, असे आम्ही स्पष्ट म्हणतो. उदयनगरला त्यांना पुरती तीन वर्षेही मिळाली नाहीत. गरिबांना त्यांचा हक्क समजावणे, बँकेतून कर्ज मिळवून देणे, यात अलौकिक काय आहे? आपल्या मंडळीत बँकेतून निवृत्त झालेले आहेत, शिक्षक आहेत, वकील आहेत. देवासच्या कारखान्यात देशाच्या नोटा छापल्या जातात. त्याच जिल्ह्यातला आदिवासी त्या नोटेसाठी सावकारापुढे हात जोडत होता. धार जिल्ह्यातली भिल्ल कुटुंबे आजही मजुरीसाठी गुजरातेत जातात. हे आपल्याला ठाऊक नाही? आपल्यातच उचल देऊन मजुराला वर्षभर बांधून ठेवणारे आहेत, आणि तेच ख्रिस्तशरीर घ्यायला रांगेत पुढे असतात.

(देवासला संस्थानी काळात थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन गाद्या होत्या. राज्यकारभारात ते चालून गेले. प्रभूने मात्र दोन धन्यांची चाकरी करता येत नाही असे बजावले आहे.)

क्षमेचेही तसेच. २००२ साली राणी मारियांच्या सख्ख्या बहिणीने, सिस्टर सेल्मी पॉल यांनी, तुरुंगात जाऊन मारेकरी समुंदर सिंग यांना राखी बांधली. क्षमेची आज्ञा त्यांना जेवढी ठाऊक होती तेवढीच आपल्यालाही आहे. तरी बांधावरून भावाशी अबोला धरलेली घरे आपल्यात किती आहेत, ते आपण मोजत नाही.

कोणी म्हणेल, हे राजकारण झाले, चर्चने प्रार्थना करावी. आमोस आणि यशया यांनी गरिबांचा हक्क हिरावणाऱ्यांना झोडपले, ते राजकारण होते काय? प्रार्थना जरूर करू. पण 'तुझी इच्छा पूर्ण होवो' म्हणताना ती इच्छा कोणाच्या हातून पूर्ण व्हायची, हेही देवबाप आपल्याला विचारणारच.

गेल्या महिन्यात मिस्सानंतर गरजूंचे अर्ज भरून देण्यासाठी आम्ही सभागृहात टेबल मांडले. अर्ज घेऊन अकरा जण आले. लिहायला आम्ही दोघेच होतो. चार जण तसेच परत गेले. येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर टेबल पुन्हा मांडणार आहोत. येताना पेन आणा.