लिंबोळीचं तेल आणि पहाणीवरचा बोजा

सीमेवरचं आरोग्य : सीमावासी

हुमनाबादच्या बाजारात तोंडाच्या कॅन्सरबद्दल दोन मतं ऐकू येतात आणि दोन्ही अगदी ठाम असतात. पहिलं, ‘ते रक्तातच असतंय, त्यांच्या आज्ज्यालाबी होतं की.’ दुसरं, ‘कडू तेलानं उतरतंय, उगं कापाकापीच्या नादी लागू नका.’ पहिलं मत तंबाखूला निर्दोष सोडून देतं. दुसरं मत रोग्याला तीन-चार महिने घरी बसवतं. दोन्हींत थोडंथोडं खरं मिसळलेलं आहे, म्हणूनच ती इतकी वर्षं टिकली. या आठवड्यात त्या दोन्हींची खबर घेऊ.

आधी रक्ताचं बघू. निरनिराळ्या देशांनी मिळून कॅन्सरच्या जनुकांचा नकाशा काढायचं ठरवलं आणि कॅन्सर वाटून घेतले, तेव्हा भारताने गाल आणि हिरडीचा कॅन्सर उचलला. ते योग्यच झालं. खालची हिरडी आणि गाल यांच्या बेचकीत आपण तंबाखूची गोळी दाबून ठेवतो आणि आपल्याकडचा कॅन्सर नेमका तिथेच उगवतो. पश्चिम बंगालमधल्या कल्याणीची राष्ट्रीय जैववैद्यकीय जीनोमिक्स संस्था आणि नवी मुंबईत खारघरला असलेलं टाटा स्मारक केंद्राचं ‘ॲक्ट्रेक’ यांनी हे काम केलं आणि 2013 मध्ये ते छापून आलं. आधी 50 रोगी, मग पडताळणीसाठी आणखी 60. टीपी53, कॅस्प8, फॅट1, नॉच1, एचरास ही ओळखीची जनुकं बिघडलेली सापडलीच. शिवाय यूएसपी9एक्स, एआरआयडी2 अशी पाच नवी नावंही त्या यादीत आली.

नावं विसरलात तरी चालेल. पद्धत मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. संशोधकांनी गाठीतली जनुकं वाचली आणि त्याच माणसाच्या रक्तातलीही वाचली. मग दोन्ही शेजारी ठेवून गाठीत काय बदललंय ते काढलं. म्हणजे ज्या बिघाडांची ही यादी आहे, ते गाठीत होते आणि रक्तात नव्हते. ‘रक्तातच असतंय’ या वाक्याला याहून सरळ उत्तर मला तरी माहीत नाही.

कॅन्सर हा जनुकांचा आजार आहे हे खरं. पण जनुकांचा आजार म्हणजे वारशाचा आजार नव्हे. आपल्याकडे जमीन वडिलार्जित असते, पण पहाणीवर चढलेला बोजा आपण काढलेल्या कर्जाचा असतो. तोंडाच्या बहुतेक कॅन्सरांत तसंच घडतं. आईबापांकडून आलेली टीपी53 ची प्रत धडधाकट असते. बिघडलेल्या पेशीला थांबवायचं किंवा संपवायचं, हे तिचं काम. तंबाखूतली नायट्रोसामाइन्स ही रसायनं गालाच्या अस्तरातल्या पेशींच्या डीएनएला चिकटतात, पेशी दुप्पट होताना अक्षरं चुकतात आणि वर्षानुवर्षांत एखाद्या पेशीत हा पहारेकरी जनुकच निकामी होतो. मग कॅस्प8 जातो, म्हणजे पेशीने स्वतःहून मरण्याची सोय जाते. एका दिवसात यातलं काही होत नाही, म्हणून तर रोज गोळी लावणाऱ्याला काही झाल्यासारखं वाटत नाही.

चुन्याचंही सांगायला हवं, कारण त्याला कुणी दोष देत नाही. तंबाखू मळताना चुना घातला की निकोटीन अस्तरातून झरझर आत शिरतं, म्हणून तर किक बसते. सुपारीबरोबर चुना आला की पेशींना जाळणारी ऑक्सिजनची आक्रमक रूपं तयार होतात. आणि सुपारी तर पूजेच्या ताटातली, तिला गुन्हेगार कोण म्हणणार? पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने 2004 मध्ये नुसत्या सुपारीलाही, तंबाखूशिवाय, माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. सुपारीनेच तोंड आखडत जातं, ठेचा खाल्ला की आग होते, घास घ्यायला तोंड उघडत नाही, या आजाराचं वर्णन मुंबईच्या डॉ. जोशींनी 1953 मध्येच करून ठेवलं होतं. तेव्हा गुटख्याच्या पुडीतला मसाला जन्मालाही आला नव्हता. आज हाच आजार पंचविशीतल्या पोरांत दिसतो आणि घरचे म्हणतात, अक्कलदाढ येत असेल.

महाराष्ट्राला हे ठाऊक नव्हतं असंही नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या डॉ. फली मेहता आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या 1,01,761 गावकऱ्यांची तोंडं उघडून पाहिली आणि तोंडातले डाग, कॅन्सर यांची पाहणी 1972 मध्ये छापली. त्याला पन्नासहून जास्त वर्षं झाली. देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी 1987 मध्ये आपल्यापासून फार लांब नव्हे, बार्शीला सुरू झाली. माहितीचा दुष्काळ आपल्याकडे कधीच नव्हता.

मग ‘आज्ज्यालाबी होतं’ याचं काय? फॅन्कोनी ॲनिमियासारखे काही दुर्मीळ वारशाचे आजार आहेत, त्यांत तोंडाच्या कॅन्सरचा धोका खरोखर कितीतरी पटीने वाढतो. काहींच्या शरीरात विषारी रसायनं निकामी करणारी विकरं जन्मतःच कमी असतात, त्यांना थोडा जास्त धोका. वारशाचा वाटा एवढाच. घराण्यात खरा वारसा चालतो तो चंचीचा. आज्याने तंबाखू मळायची, आज्जीने सकाळी मिश्री लावायची आणि नातवाने दुकानातून पुडी आणून द्यायची. तीन पिढ्यांत तीन कॅन्सर झाले तर दोष रक्ताला.

अलीकडे लाळ पाठवा, जनुकं तपासून कॅन्सरचा धोका सांगतो, अशा जाहिराती फोनवर येऊ लागल्या आहेत. ज्याच्या घरी फार कमी वयात, वेगवेगळ्या अवयवांचे कॅन्सर झालेत, त्याने डॉक्टरांच्या सल्ल्याने अशी तपासणी करावी. तिथे तिला अर्थ आहे. पण गालात गोळी ठेवून फिरणाऱ्याने हजारो रुपये खर्चून धोका विचारायचा, हा शुद्ध वेडेपणा. अहवाल चांगला आला तर तो आणखी बिनधास्त खाणार. पाश्चात्त्य देशांतल्या बातम्या वाचूनही फसू नका. तिकडे घशाचे, टॉन्सिलचे कितीतरी कॅन्सर एचपीव्ही या विषाणूने होतात, त्यांची जनुकं वेगळी वागतात आणि उपचाराला ते चांगली दादही देतात. आपल्या गाल-हिरडीच्या कॅन्सरचं मुख्य कारण तो विषाणू नाही. मुलींना एचपीव्हीची लस जरूर द्या, गर्भाशयमुखासाठी ती मोलाची आहे. पण ती पुडीवरचा उतारा नव्हे.

आता तेलाकडे वळू. करंज, कडुनिंब, मोह, बिबा ही आपल्या बांधावरची झाडं. करंजाच्या तेलावर दिवे जळाले, वंगणही झालं. लिंबोळ्यांचं तेल आज देशभरच्या युरियावर चढतं. 2015 पासून देशात बनणाऱ्या सगळ्या युरियाला ते सक्तीचं आहे. शेतकरी लिंबोळी अर्क फवारतो आणि त्याचा गुण त्याला दिसतो. अमेरिकेतल्या एका कंपनीने कडुनिंबाच्या तेलाच्या बुरशीनाशक वापराचं युरोपात पेटंट घेतलं होतं, तेही भारतातून लढा देऊन 2000 मध्ये रद्द करवलं गेलं. या झाडांचा अभिमान वाटावा असं बरंच काही आहे. मला वाटतोही.

कडुनिंब आणि तोंडाचा कॅन्सर यांचा संबंधही हवेतला नाही. तमिळनाडूतल्या अन्नामलाई विद्यापीठात डॉ. एस. नागिनी यांच्या गटाने हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या गालात रसायन लावून कॅन्सर घडवला आणि निंबातली निंबोलाइड, अझाडिरॅक्टिन ही द्रव्यं दिल्यावर तो रोखला जातो का हे वर्षानुवर्षं तपासलं. तिथे परिणाम दिसला. याच प्रयोगांचं कात्रण फोनवर फिरतं आणि घाण्यावरच्या तेलाची बाटली विकायला उपयोगी पडते. पण प्रयोगशाळेत शुद्ध केलेलं द्रव्य होतं, मोजलेली मात्रा होती, रोग होण्याआधीपासून किंवा होताना ते दिलेलं होतं आणि रोगी हॅमस्टर होता. गालातल्या झालेल्या गाठीवर माणसाने तेल चोळलं की ती विरते, असं त्यातून सिद्ध होत नाही.

शिवाय कडू तेल निरुपद्रवी आहे हेही खोटं. लहान मुलांना कडुनिंबाचं तेल पाजल्यावर यकृत आणि मेंदूला गंभीर इजा झाल्याचं मलेशियातल्या डॉक्टरांनी 1981 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये नोंदवलं आहे. आणि बिबा! त्याचं तेल अंगावर उतलं की काय होतं हे आपल्या भागात कुणाला सांगायला नको. तरी ते तोंडातल्या चट्ट्यावर लावणारे महाभाग आहेत. आधीच जखमी अस्तर, त्यावर फोड, आणि डॉक्टरकडे गेल्यावर मूळ जखम कुठली आणि बिब्याची कुठली हेच कळत नाही. उपचारात बिब्बा घालणं म्हणतात ते अक्षरशः हेच.

झाडातून औषध मिळतच नाही असं मी म्हणत नाही, उलट मिळतं. कडू कवठाच्या जातीतल्या झाडांच्या बियांचं तेल, चालमोगरा, कुष्ठरोगावर शतकानुशतकं वापरात होतं. ते इतकं घट्ट आणि उग्र असे की पोटात ठरेना आणि टोचलं तर गळवं होत. 1915-16 मध्ये हवाईत ॲलिस बॉल या तरुण रसायनशास्त्रज्ञ बाईने त्यातल्या आम्लांची एथिल एस्टरं करून ते टोचण्याजोगं केलं. ती चोविसाव्या वर्षी वारली आणि तिचं काम वरिष्ठाने आपल्या नावावर खपवलं. तो अन्याय पुढे उघड झाला. तरी तेही औषध अपुरंच होतं. चाळिशीच्या दशकात सल्फोन औषधं आली आणि चालमोगरा मागे पडला. त्यावर श्रद्धा ठेवून कुणी बसलं नाही. तोंडाच्या कॅन्सरचंच बघा. यू नावाच्या झाडाच्या पानांतल्या द्रव्यापासून घडवलेलं डोसिटॅक्सेल हे औषध आज आपल्या सरकारी रुग्णालयांतही वापरतात. सिस्प्लॅटिन हे नेहमीचं औषध न झेपणाऱ्या रोग्यांना किरणोपचाराबरोबर ते दिलं तर आयुष्य वाढतं, हे मुंबईच्या टाटा रुग्णालयाने 2023 मध्ये चाचणी करून दाखवलं. या औषधाला परीक्षा द्यावी लागली. घाण्यावरच्या बाटलीने कुठली परीक्षा दिली?

तेलाने खरं नुकसान होतं ते वेळेचं. टाटा रुग्णालयाच्याच डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या गटाने 2015 मध्ये एक मोठी चाचणी छापली. लवकर सापडलेल्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये, मानेत गाठ लागत नसतानाही, पहिल्याच शस्त्रक्रियेत मानेच्या ग्रंथी काढल्या तर तीन वर्षांनी 80 टक्के रोगी जिवंत होते; गाठ दिसेपर्यंत थांबलेल्यांत 67.5 टक्के. मानेवर काही दिसतही नसताना थांबण्याची ही किंमत आहे, आणि तीही डॉक्टरांच्या नजरेखाली थांबण्याची. तेल चोळत घरी थांबलेल्याचा हिशेब कोण ठेवतो?

लवकर सापडावा म्हणून यंत्र लागत नाही. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन नुसत्या डोळ्यांनी तोंडं तपासली. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांत तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू 34 टक्क्यांनी घटले. हा निकाल 2005 चा. आपल्याकडे तिशीपुढच्या प्रत्येकाची तोंडतपासणी सरकारी कार्यक्रमात कागदावर आहेच. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) 30 ते 49 वयाच्या शंभर माणसांत आयुष्यात एकदा तरी तोंड तपासून घेतलेला जेमतेम एक निघाला.

सीमाभागात तर आणखी एक तऱ्हा. महाराष्ट्राने 2023 मध्ये आपली जनआरोग्य योजना कर्नाटकातल्या, पण आपण दावा सांगतो त्या सीमेवरच्या 865 गावांना लागू करायची म्हटली, तेव्हा कर्नाटकाने लगेच हरकत घेतली. त्या दावेदारीच्या बारा तालुक्यांत आपला हुमनाबादही आहे. शस्त्रक्रियेचे पैसे कुठल्या सरकारने द्यायचे यावर दोन राज्यं भांडली. शस्त्रक्रिया लहान व्हावी म्हणून तोंड वेळेत कुणी बघायचं, हा मुद्दा काही त्या भांडणात आला नाही. गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 मध्ये आणि कर्नाटकात 2013 मध्ये बंदी आली, आणि मसाल्याची पुडी वेगळी, तंबाखूची वेगळी, अशी जोडी करून गिऱ्हाईकाने ती तळहातावर एकत्र केली. त्या बंदीचं मोल दोन पुड्यांएवढं.

आरोग्य खात्याकडे माझी मागणी साधी आहे. दत्तजयंतीला माणिकनगरात आणि जानेवारीत वीरभद्रेश्वराच्या जत्रेला हजारो माणसं येतात. तिथे एक तंबू ठोका, त्यात दोन टॉर्च, लाकडी पट्ट्या आणि मराठी, कन्नड, दखनी तिन्ही बोलणारी माणसं ठेवा. जिचा चट्टा संशयास्पद वाटेल त्या व्यक्तीच्या हातात तिथेच कलबुर्गीच्या किडवाई कॅन्सर केंद्राची चिठ्ठी द्या, आणि पुढच्या महिन्यात ती तिथे पोचली का ते फोन करून विचारा. चिठ्ठी देऊन मोकळं होण्यात अर्थ नाही.

आणि तुम्ही, वाचक. आज रात्री आरशासमोर उभे राहा, गाल बाहेर ओढून आतून बघा, जीभ उचलून खाली बघा. पांढरा किंवा लाल चट्टा असेल, तीन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, किंवा स्वतःची तीन बोटं उभी तोंडात जात नसतील, तर तेलाची बाटली बाजूला ठेवून सकाळच्या गाडीने कलबुर्गी गाठा.