अप्पांची पेटी आणि पट्ट्या नसलेला बाजा



या आठवड्याच्या टपालात नववीतल्या एका वाचक मित्राचं पत्र आलं आहे. तो लिहितो, ‘बाई, मी आणि दादा मिळून माळ्यावर छोटा स्टुडिओ करतो आहोत. कीबोर्ड आहे, संगणक आहे, एक माइक आहे. पण कीबोर्डमधले आवाज अगदी खेळण्यातले वाटतात. म्हणून साउंड मॉड्यूल घ्यायचं ठरवलंय. दोन वर्षं साठवलेले पैसे आहेत. कोणतं घेऊ? आई म्हणते, आधी बाईंना विचार.’

आईचं बरोबर आहे हं! पण एक गंमत सांगू? याच बाबतीत तुमच्या बाई एकदा सपशेल चुकणार होत्या. थोडक्यात वाचल्या. आज तीच गोष्ट सांगते.

आधी, मॉड्यूल म्हणजे काय ते बघू. सिंथेसायझर तुम्ही पाहिला आहे. काळ्या-पांढऱ्या पट्ट्या दाबल्या की कधी बासरी, कधी व्हायोलिन, कधी ढोल. आता त्याच्या पट्ट्या काढून टाका. उरेल ती आवाज तयार करणारी चपटी पेटी. तेच साउंड मॉड्यूल. स्वतःला पट्ट्या नाहीत, म्हणून त्याला दुसऱ्या कुणीतरी हुकूम द्यावा लागतो. तुमचा कीबोर्ड देईल किंवा संगणक देईल.

हा हुकूम ज्या भाषेत दिला जातो तिचं नाव मिडी. १९८३ साली ही भाषा जगासमोर आली. त्याआधी एका कंपनीचं वाद्य दुसऱ्या कंपनीच्या वाद्याशी बोलायचं म्हणजे पंचाईत होती. अमेरिकेतले डेव्ह स्मिथ आणि जपानमधले इकुतारो काकेहाशी या दोघांनी पुढाकार घेतला आणि प्रतिस्पर्धी कंपन्यांनी मिळून एकच भाषा मान्य केली. या कामासाठी दोघांना २०१३ साली तांत्रिक ग्रॅमी पुरस्कार मिळाला. भांडणाऱ्या मुलांना एका बाकावर बसवणं किती अवघड असतं ते मला विचारा!

आता माझी गोष्ट. आमच्या घरी माजघराच्या कोपऱ्यात एक टेबल, एक संगणक आणि एक माइक आहे. मी आणि माझा धाकटा भाऊ तिथे शाळेतल्या मुलांची गाणी ध्वनिमुद्रित करतो. चौथीची मुलं दर वर्षी शाळा सोडून मोठ्या शाळेत जातात. जाण्याआधी त्यांची दोन-तीन गाणी जपून ठेवायची, असा आमचा नेम. मागे साथीला असायची अप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, दुहेरी सुरांची पेटी. गावच्या भजनात त्यांनी ती तीस-बत्तीस वर्षं वाजवली.

तीन वर्षांपूर्वी मला वाटलं, आता जरा नवं काहीतरी हवं. दिवाळीच्या सुट्टीत पुण्याला गेले. एका दुकानात जुनं पण मोठं दिमाखदार मॉड्यूल होतं. आवाज किती? हजाराच्या वर! मी एकेक आवाज ऐकत बसले. त्यात एक हार्मोनियमही सापडला. माझ्याकडचे पैसे मात्र कमी पडत होते. दुकानदार म्हणाले, “घरात जुनं वाद्य असेल तर आणा ना मॅडम. किमतीत वळतं करून घेऊ.”

घरी येऊन मी अप्पांना विचारलं. ते म्हणाले, “मी आता कितीसा वाजवतो? तुझं काम होत असेल तर दे.” आणि बोलता बोलता त्यांनी पेटीवरचं धडपं काढून भात्याची खिटी नीट आहे का ते पाहिलं. विकायची वस्तू माणूस नीट बघूनच देतो, असं मला तेव्हा वाटलं. बघा, मुलांना शिकवणाऱ्या बाईंनाही कधी कधी समोरचं दिसत नाही.

सुट्टी संपली. वर्गात मी मुलांना मोठ्या उत्साहानं सांगितलं, “आपल्या गाण्यांसाठी नवं यंत्र येणार!” मग नेहमीच्या सवयीनं फळ्यावर दोन रकाने आखले. ‘आपल्याकडे आहे’ आणि ‘आपल्याला हवं आहे’. मुलं भराभर सांगू लागली. ढोल हवा, बासरी हवी, सनई हवी, सिनेमात असतात तशी पुष्कळ व्हायोलिनं हवीत. मी दुसऱ्या रकान्यात लिहिलं, ‘पेटी’. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. “बाई, पेटी इकडच्या रकान्यात पाहिजे ना? ती तर आपल्याकडं आहे की!”

वर्ग हसला. मी खडू हातात धरून तशीच उभी राहिले. खरी पेटी देऊन मी पेटीचा आवाज विकत आणणार होते!

मित्रा, तुझ्यासाठी पहिला धडा हाच. दुकानात जायच्या आधी दोन रकाने आख. तुझ्या माळ्यावर जे वाद्य खरोखर आहे, ते माइकसमोर वाजव. जे नाही, तेवढंच मॉड्यूलमधून आण.

रकाने आखल्यावर लक्षात आलं, की आम्हाला जेमतेम आठ-दहा आवाज हवे होते. हजार घेऊन करायचं काय? मग मी ‘जनरल मिडी’ची यादी काढली. १९९१ साली सगळ्यांनी मिळून १२८ आवाजांची एक ठरावीक हजेरीच लावून टाकली. १ नंबरला पियानो, ७४ ला बासरी, १०५ ला सतार. ११२ नंबरला चक्क आपली सनई! १२६ वर हेलिकॉप्टरसुद्धा आहे. तालवाद्यांसाठी दहावी वाहिनी राखून ठेवलेली. पण तबला मात्र या हजेरीत नाही, आणि पेटीच्या जवळचा म्हणावा असा २१ नंबरचा रीड ऑर्गन आहे. म्हणजे तबला आणि पेटी आपली आपणच वाजवायची. हे आधी कळलं ते बरं झालं.

दुसरा धडा गणिताचा आहे. मॉड्यूलवर ‘२४ व्हॉइस’, ‘६४ व्हॉइस’ असं लिहिलेलं असतं. म्हणजे एका वेळी किती सूर वाजू शकतात, तो आकडा. वर्गात २४ च बाकं आहेत असं समजा. पंचविसावा मुलगा आला की आधीच्या कुणाला तरी उठावं लागतं. यंत्रातही तसंच होतं. नवा सूर आला की जुना गुपचूप बंद पडतो. आता खरी मेख पुढे आहे. काही भरदार आवाज एका सुरासाठी दोन किंवा चार जागा अडवतात. चार जागा अडवणारा आवाज निवडला, तर ६४ भागिले ४, म्हणजे १६ च सूर! पाटीवरच्या आकड्याला भुलू नका, भागाकार करून बघा.

तिसरा धडा माझ्या भावामुळे मिळाला. ते मोठं मॉड्यूल आम्ही पुन्हा एकदा बघायला गेलो होतो. पेटी द्यायची नाही हे ठरलं होतं, पण मोह सुटत नव्हता. दुकानातला पोऱ्या तारेचं टोक भिंतीतल्या सॉकेटात घालणार, तेवढ्यात भाऊ म्हणाला, “थांबा थांबा! ताई, मागे काय लिहिलंय बघ.” पाठीवर बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘१०० व्होल्ट’. यंत्र जपानमधलं होतं. जपानमध्ये घरातली वीज १०० व्होल्टची, अमेरिकेत १२० ची आणि आपल्याकडे २३० ची. तसंच लावलं असतं तर धूरच निघाला असता. म्हणून परदेशातून आलेलं यंत्र आधी पाठमोरं करून वाचायचं. व्होल्टेज जुळत नसेल तर योग्य ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि त्याचा खर्च किमतीत धरायचा.

जुन्या मॉड्यूलमध्ये आणखी दोन गोष्टी बघायच्या. आपण केलेले बदल लक्षात ठेवायला पुष्कळ यंत्रांत आत एक बिल्ल्यासारखी बॅटरी असते. ती संपली की बदल पुसले जातात. बॅटरी बदलता येते, पण पेटी तुम्ही उघडायची नाही हं! ते काम जाणकार कारागिराचं. दुसरं म्हणजे पडदा. दिवा मंदावला असेल तर अक्षरं दिसत नाहीत आणि मग प्रत्येक बटण म्हणजे अंधारातली कोशिंबीर.

शेवटी आम्ही घेतलं १९९१ सालचं छोटं साउंड कॅनव्हास एससी-५५. रोलँड कंपनीचं, २४ सुरांचं. त्यातही काही आवाज दोन जागा घेतात. पण आमच्या आठ-दहा आवाजांना ते पुरून उरलं.

पहिल्या संध्याकाळी काय झालं असेल? सगळं जोडलं, पट्टी दाबली, आणि... काहीच नाही! यंत्रावरचे ठोकळे नाचत होते, पण आवाज शून्य. अर्धा तास गेला. मग ट्यूब पेटली. आम्ही मिडीची तार जोडली होती, आवाजाची तार जोडलीच नव्हती! मिडीच्या तारेतून आवाज जातच नाही मुळी. तिच्यातून जातात चिठ्ठ्या. ‘६० नंबरचा सूर लाव, ९० इतक्या जोरात.’ ‘आता थांब.’ एका सेकंदाला ३१,२५० बिट जातात, म्हणजे एक चिठ्ठी साधारण एक हजारांश सेकंदात पोचते. चिठ्ठी वाचून सूर काढतं ते मॉड्यूल. तो सूर संगणकात न्यायला दुसरी तार हवी, आणि ती माइकच्या नव्हे, ‘लाइन’च्या भोकात घालायची. शिवाय आजच्या संगणकाला मिडीची गोल पाच पिनांची जागा नसते. मध्ये यूएसबी-मिडी जोडणी लागते. मित्रा, हाही खर्च वहीत लिही.

आता सगळ्यात आवडता भाग सांगते. अप्पा पेटी घेऊन बसले, मी मॉड्यूलवर बासरी लावली. दोघांनी एकच सूर धरला, आणि कानाला ती कशीतरी थरथर! ओं-ओं-ओं असं काहीतरी. याचं कारण सोपं आहे. यंत्राचा सूर सेकंदाला ४४० कंपनांचा आणि पेटीचा समजा ४४३ चा असेल, तर फरकाइतके, म्हणजे सेकंदाला तीन हेलकावे ऐकू येतात. पेटीचे सूर पितळी पट्ट्यांचे. ते बदलायचे तर पेटी उघडून पट्ट्या घासाव्या लागतात. मॉड्यूलमध्ये मात्र ‘मास्टर ट्यून’ नावाची सोय असते, सगळे सूर एकदम थोडे चढवता-उतरवता येतात. मी बटण दाबत गेले. अप्पा डोळे मिटून ऐकत होते. “चढव... अजून जरासा... थांब, जास्त झालं... हां! आता लागला.” हेलकावे थांबले.

त्या पडद्यावरचा आकडा मी अजून बदललेला नाही. त्या वर्षी चौथीच्या मुलांच्या गाण्यात मागे व्हायोलिनं आहेत, सनई आहे, आणि मध्ये अप्पांची पेटी. गाणं संपल्यावर भाता मिटल्याचा हलकासा आवाजही आला आहे. भाऊ म्हणाला, “कापून टाकू?” मी म्हटलं, “राहू दे.”

तर मित्रा, तुला माझा सल्ला असा. पैसे लगेच खर्च करू नकोस. आधी महिनाभर संगणकावरच आवाज वाजवून बघ. फ्लुइडसिंथसारखे प्रोग्रॅम फुकट मिळतात आणि त्यांना आवाजांचे संच जोडता येतात. एक अडचण येईल. पट्टी दाबल्यावर आवाज किंचित उशिरा येईल. संगणक सेकंदाला ४४,१०० नमुने घेत असेल आणि ५१२ नमुन्यांचा गठ्ठा करत असेल, तर सुमारे १२ हजारांश सेकंद त्यातच जातात. म्हणजे स्पीकर चार मीटर लांब ठेवल्यासारखं! गठ्ठा लहान केला तर उशीर कमी होतो, पण फार लहान केला तर आवाज तुटतो. हे सगळं जमलं तर मॉड्यूलची गरजच उरणार नाही. आणि उरली, तर नेमकी कशासाठी ते तुला ठाऊक असेल. दुकानात जाताना तुझं स्वतःचं गाणं आणि हेडफोन घेऊन जा. यंत्रातला नमुन्याचा ठेका ऐकून ठरवू नकोस. तो छान वाजावा म्हणूनच बनवलेला असतो!

पालकांनाही एक विनंती. मुलानं साठवलेले पैसे आहेत, तेव्हा निवड त्यालाच करू द्या. फक्त व्होल्टेजची पाटी तुम्ही स्वतः वाचा.

या आठवड्याचा गृहपाठ: वहीत दोन रकाने आखा. ‘आहे’ आणि ‘हवं आहे’. तुम्हाला घ्यायची असेल ती कोणतीही वस्तू चालेल. सायकल, बॅट, काहीही. आधी डावा रकाना पूर्ण भरा. मग उजव्यातलं काय काय खोडावं लागलं, ते मला पत्रानं कळवा.

भेटू या पुढच्या आठवड्यात!

तुमच्या,
बाई