सक्तीची शिपाईगिरी

लग्नामुंजींच्या पंक्ती उठून पानसुपारी सुरू झाली, कीं वडील मंडळींत जे ठराविक विषय निघतात, त्यांपैकीं एक म्हणजे हल्लींच्या मुलांना वळण नाहीं हा होय. लगेच कोणी तरी उपाय सुचवितो, 'प्रत्येक मुलाला दोन वर्षें सक्तीनें लष्करांत धाडावें. आपोआप सरळ होतील!' सर्वांच्या माना डोलतात. शाळेंत असतांना आम्हींही हें मत अनेकदां बोलून दाखविलें आहे. ज्यांच्यावर हा उपाय खरोखर झाला, त्यांचें म्हणणें काय, हें पाहण्याची बुद्धि मात्र आम्हांला अलीकडेच झाली.

ब्रिटनमध्यें हा प्रयोग महायुद्ध संपल्यानंतरही होऊन गेला आहे. १ जानेवारी १९४९ पासून तेथील नवा कायदा अमलांत आला आणि अठरा वर्षांच्या सुदृढ तरुणाला अठरा महिने सैन्यांत काढणें भाग पडलें. कोळशाच्या खाणींतील कामगारांसारखे थोडे अपवाद होते. कोरियाचें युद्ध सुरू होतांच १९५० सालीं ही मुदत दोन वर्षांची झाली. शेवटचीं बोलावणीं १९६० सालीं गेलीं, आणि शेवटचा शिपाई १९६३ च्या मे महिन्यांत मोकळा झाला. कोरिया, मलाया, सायप्रस येथें ज्यांना लढावें लागलें, त्यांतील सुमारें ४०० जण घरीं परतले नाहींत. परंतु बहुसंख्य मुलांनीं गोळीचा आवाज ऐकला तो सरावाच्या मैदानावरच. त्यांतील हजारों पश्चिम जर्मनींत, ऱ्हाइन नदीच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या ब्रिटिश सैन्यांत होते. त्यांतले सर्वांत धाकटेही आज पंच्याऐंशी उलटलेले आहेत.

त्यांच्या आठवणींत पराक्रम शोधूं गेल्यास सांपडत नाहीं. सांपडतें तें हें. पहिल्या दिवसांत लष्करी पोषाख मिळाला, कीं अंगावरचे घरचे कपडे तपकिरी कागदांत बांधून टपालानें घरीं पाठवावयाचे. तें पुडकें सोडतांना त्या त्या माउलीला काय वाटलें असेल, हें आमच्या वाचकभगिनींना सांगावयास नको. मग कवाईत. मग बुटांचें खरबरीत कातडें चमच्याच्या तापलेल्या दांड्यानें घोटून आरशासारखें करणें. कोठें वरिष्ठ अधिकारी येणार म्हणून कोळशाला चुना फांसल्याचीही गोष्ट सांगतात. आठवड्याचा पगार २८ शिलिंग. हार्विच बंदरांतून जहाजानें हॉलंडच्या किनाऱ्याला लागावें, तेथून आगगाडीनें जर्मनींतील बराकींत जावें, आणि कपाटाच्या दारावर चिकटविलेल्या तक्त्यांत रोज एक दिवस खोडावा! अठराव्या वर्षीं मनुष्यानें आयुष्याचे दिवस संपण्याची वाट पाहावी, यासारखी दुसरी शिक्षा आम्हांला ठाऊक नाहीं.

कांहींच्या वांट्यास बर्लिन आलें. तेथील श्पांडाउच्या तुरुंगांत न्यूरेंबर्गच्या खटल्यांत शिक्षा झालेले नाझी पुढारी ठेविले होते. १९४७ सालीं ते सात होते. १९५७ च्या अखेरीस तीनच उरले. त्यांच्यावर अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि रशिया यांचे पहारे एकेक महिना पाळीपाळीनें बसत. ज्यांच्या नांवानें अर्धें जग थरथरलें, त्या म्हाताऱ्यांना बागेंत माती उकरतांना पाहात मिसरूड न फुटलेला पोर बुरुजावर थंडींत उभा असे. इतिहास इतक्या जवळून दिसला, तरी त्या पोराच्या मनांत रात्रींचा गरम चहाच असावयाचा, आणि त्यांत नवल तें काय?

परंतु या आठवणींत एक गोष्ट आली, आणि आम्ही थबकलों. बराकींत शेजारच्या खाटेवर कोण यावें, हें कोणाच्या हातीं नसे. बड्या शाळेंतून आलेला मुलगा आणि गोदीवरील हमालाचा मुलगा शेजारीं शेजारीं निजत. भरती झालेल्यांत लिहितां वाचतां न येणारे तरुणही निघाले. त्यांना शिकविण्यास लष्कराचें स्वतंत्र शिक्षणदळ होतें, व त्यांत सक्तीनें आलेले सुशिक्षित तरुणच सार्जंट होऊन मास्तरकी करीत. आणि दळाबाहेर, दिवे मालवण्यापूर्वीं, एक जण आपल्या सोबत्याला त्याच्या आईचें पत्र हलक्या आवाजांत वाचून दाखवी आणि उत्तरही लिहून देई. हें करण्याचा कोणी हुकूम दिला नव्हता. साठ वर्षांनीं बुटांची चकाकी हंसत हंसत सांगितली जाते. शेजारच्या खाटेवरील सोबत्याविषयीं सांगतांना आवाज बदलतो.

कौटिल्यानें मौल, भृत, श्रेणी, मित्र, अमित्र आणि आटविक असे सैन्याचे सहा प्रकार सांगितले. घरोघरचा मुलगा सक्तीनें आणून उभारलेलें सैन्य त्यांत नाहीं. ब्रिटनलाही अखेर तोच अनुभव आला. मुलें तयार होत, तों त्यांची जाण्याची वेळ होई, आणि मुरलेले शिपाई नव्यांना शिकविण्यांतच गुंतून पडत. १९५७ सालीं सरकारनें अण्वस्त्रांचा आधार घेऊन सैन्य लहान व स्वेच्छेचें करण्याचें ठरविलें. आपल्या देशांत तर भरती स्वेच्छेचीच राहिली आहे.

मग सक्ती व्यर्थच होती काय? तसेंही म्हणवत नाहीं. सक्ती नसती, तर तीं दोन मुलें एका खोलींत आलीं नसतीं. पण दोन वर्षें फुकट घालविल्यावांचून तीं एकत्र येऊं नयेत, हा दोष कोणाचा?

आमच्या शाळेच्या सहलींत मुलें डबे उघडीत तीं आपापल्या आळींतल्या मुलांजवळ बसून. शिपायाचा मुलगा जरा बाजूला बसे. आम्हांला तें दिसत असे. ओळी सरळ करावयाला आम्हीं मुलांना शेंकडों वेळां सांगितलें. तेवढी बसण्याची जागा बदलावयाला मात्र एकदांही सांगितलें नाहीं. तें काम लष्करानें करावें, असें आम्ही पानसुपारीच्या वेळीं म्हणत राहिलों.

पुढच्या वेळीं तो विषय निघाला, तर आम्ही मान डोलावणार नाहीं.