जुनी गिटार ‘नवी’ करू नका : एका फ्युचरामाची साक्ष

१/ इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, शिलालेख, नाणी, मोडी कागदपत्रे डोळ्यांपुढे येतात. विसाव्या शतकाची साधने मात्र कधी कधी माळ्यावर धूळ खात पडलेली असतात आणि त्यांना सहा तारा असतात. आजचा धागा जुन्या, चमत्कारिक इलेक्ट्रिक गिटारींविषयी आहे. आणि त्या ‘दुरुस्त’ करताना आपण काय पुसून टाकतो, त्याविषयी.

२/ उदाहरण एकच घेऊ. दुसऱ्या महायुद्धाने ब्रिटनची तिजोरी रिती केली. डॉलर वाचवणे हे सरकारी धोरण बनले आणि १९५१ पासून अमेरिकी वाद्यांच्या आयातीवर निर्बंध आले. ते उठले १९५९ मध्ये. मधल्या काळात, १९५४ साली, अमेरिकेत फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकॅस्टर अवतरली. ब्रिटनमधल्या पोरांना मात्र ती पाहायला मिळे रेकॉर्डच्या वेष्टनावर, बडी हॉलीच्या हातात.

३/ ही पोकळी भरून काढली शीतयुद्धातल्या पलीकडच्या गोटाने! साम्यवादी चेकोस्लोव्हाकियात, बोहेमियातल्या ब्लातना या लहानशा गावी योसेफ रुझिच्का यांनी ‘ग्रात्सिओसो’ नावाची गिटार घडवली. १९५८ च्या ब्रसेल्स जागतिक प्रदर्शनात ती मांडली गेली. ब्रिटनमध्ये सेल्मर कंपनीने ती आणली आणि तिचे बारसे केले : ‘फ्युचरामा’.

४/ १९५९ च्या अखेरीस लिव्हरपूलमधल्या एका सोळा वर्षांच्या मुलाने ती हप्त्यांवर घेतली. त्याचे नाव जॉर्ज हॅरिसन. हॅम्बुर्गच्या रात्री बीटल्सनी गाजवल्या तेव्हा त्याच्या गळ्यात हीच गिटार होती. पुढे त्याने स्वच्छ सांगितले, की ती वाजवायला महाकठीण होती. पण तिचा आवाज आणि तिचे तीन पिकअप हवे तसे जुळवण्याची सोय त्याला आवडे.

५/ क्षणभर थांबून याचा अर्थ पाहा. भांडवलशाही जगाच्या बंडखोर संगीताचे धडे एका पिढीतल्या काही जणांनी समाजवादी देशात घडलेल्या वाद्यावर गिरवले, कारण त्यांच्याच सरकारकडे डॉलर नव्हते. चलनटंचाई, व्यापारनीती, शीतयुद्ध आणि तारुण्याची हौस हे सारे एका लाकडी फळीत एकवटले आहे. अशी वस्तू दस्तऐवज नव्हे, तर दुसरे काय?

६/ हॅरिसनची ती गिटार २०२४ मध्ये लिलावात बारा लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेली. तिची काळजी घ्यायला आता जग आहे. मला काळजी आहे ती तिच्या अनाम बहिणींची. त्या स्वस्तात मिळतात म्हणून कोणी त्यांचे सुटे भाग विकतो, कोणी जुना रंग खरवडून झगझगीत नवा चढवतो आणि अभिमानाने ‘आधी’ आणि ‘नंतर’ची छायाचित्रे टाकतो. ‘नंतर’च्या छायाचित्रात इतिहास उरलेला नसतो.

७/ हे केवळ भावनेचे बोलणे नाही. जुन्या वाद्याचे वय आणि चरित्र त्याच्या पोटात लिहिलेले असते. अमेरिकी गिटारींमध्ये आवाज कमीजास्त करणाऱ्या पोटेंशिओमीटरवर आकडे कोरलेले असतात. समजा, तिथे १३७६४१२ असे आहे. १३७ ही सीटीएस या निर्मात्याची खूण, ६४ म्हणजे १९६४ आणि १२ म्हणजे त्या वर्षाचा बारावा आठवडा.

८/ पण सावध! हा आकडा गिटारीची जन्मतारीख सांगत नाही. तो सुटा भाग केव्हा बनला, एवढेच सांगतो. उत्खननात एखाद्या थरात नाणे सापडले, तर तो थर त्या नाण्याआधीचा असू शकत नाही. नंतरचा मात्र असू शकतो. इथेही तोच न्याय. आणि तो भाग मुळातला की मागाहून बसवलेला, याची साक्ष देतो जुना, अस्पर्श झाळकामाचा ठिपका. उत्साहाच्या भरात तोच वितळवला, की साक्षीदार गेला.

९/ यावर एक रास्त आक्षेप आहे : वाद्य वाजण्यासाठी असते, काचेच्या कपाटात मुके बसण्यासाठी नव्हे. मला तो पूर्ण मान्य आहे. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची जवारी झिजली की पुन्हा काढून देतात. त्याने तंबोऱ्याचे जुनेपण बाटत नाही. तारा, झिजलेले पडदे, गंजलेली तारजोडणी हे वापराने संपणारेच भाग आहेत. ते जरूर बदलावेत.

१०/ प्रश्न आहे सीमारेषेचा. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. ती तार तुटली, तर जुनाच सांगाडा ठेवून नवी गुंडाळी घालता येते; त्याजागी आयता नवा पिकअप बसवला, तर आवाज येतो, पण तो त्या गिटारीचा नसतो. माझ्या मते कसोटी एकच : मी केलेला बदल उद्या कोणाला मागे घेता येईल का?

११/ म्हणून विकत घेणाऱ्यांना चार विनंत्या.
पहिली : स्क्रूला हात लावण्याआधी आतून-बाहेरून छायाचित्रे काढा.
दुसरी : काढलेला प्रत्येक भाग, मोडका असला तरी, पिशवीत घालून गिटारीसोबतच जपा. अपवाद कुजू लागलेल्या सेल्युलॉइडचा. त्याच्या वाफेने शेजारचा धातू गंजतो, म्हणून ते वेगळे ठेवा.
तिसरी : काय बदलले, केव्हा, कोणी, हे कागदावर लिहा.
चौथी : मूळ रंग उडाला असला तरी तो काढू नका.

१२/ त्या उडालेल्या रंगातच कोणाच्या तरी कोपराची, कमरपट्ट्याच्या बकलाची, रोजच्या सरावाची नोंद आहे. हॅरिसनचे चरित्र लिहायला ग्रंथ आहेत. पण हप्ते फेडत, बोटे सोलून घेत तीच गिटार वाजवणारी आणि कधीही प्रसिद्ध न झालेली जी पोरे होती, त्यांनी आपल्या वाजवण्याची सही मागे ठेवली आहे ती याच ओरखड्यांत.

१३/ आपण बखरीतली अशुद्धे सुधारून मूळ प्रत जाळत नाही. शिलालेखाची झिजलेली अक्षरे छिन्नीने पुन्हा कोरत नाही. मग साठ-पासष्ट वर्षांच्या वाद्याला वेगळा न्याय का? दुरुस्त करणारा हा त्या दस्तऐवजाचा वाचक आहे, फार तर टीपाकार; लेखक नव्हे. गिटार वाजती करा. तिला नवी करू नका. (समाप्त)